अंतरपाट दादाने धरावा

प्रिय ताई,

मी ६४ वर्षांची आहे, लग्न होऊन १९८५ साली न्यू जर्सीत आले ती इथलीच झाले. माझे धाकटे दीर ६६ वर्षांचे, सिॲटलला असतात. त्यांनी लग्न केलं नाही. १९९६ पासून एक अमेरिकन मित्र त्यांच्यासोबत राहतो. आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. दर गणपतीला दोघं आमच्याकडे येतात. मित्राला फोटोंची आवड, त्यामुळे आरतीपासून जेवणाच्या पंगतीपर्यंत सगळे फोटो तोच काढतो. सासूबाई २००९ मध्ये पाच महिने सिॲटलला राहून आल्या, तेव्हा म्हणाल्या होत्या, ‘त्या पोराने रोज रात्री माझ्या पायांना तेल लावलं हो.’ त्या २०२२ मध्ये गेल्या.

आता भाऊजींची लग्नपत्रिका आली आहे. जूनमध्ये, एका बागेत, चाळीसेक माणसं. सोबत ह्यांच्या नावाने चिठ्ठी: ‘मामा कुणी राहिले नाहीत. अंतरपाट दादाने धरावा.’ ह्यांनी चिठ्ठी वाचून ड्रॉवरमध्ये टाकली. म्हणतात, ‘इतकी वर्षं फसवलं. आई मरेपर्यंत स्थळं बघत राहिली आणि हा गप्प बसला. आता या वयात जाहीर तमाशा कशाला? मित्र म्हणून राहतायत तसं राहावं.’

हे १९७८ मध्ये शिकायला ओहायोत आले, तेव्हा टीव्हीवर ‘गोमर पाइल’ ही जुनी विनोदी मालिका पुन्हा पुन्हा लागायची. ती बघून बघून ह्यांना अमेरिकन बोलणं कळायला लागलं. त्यातल्या जिम नेबर्सने ८२व्या वर्षी आपल्या पुरुष जोडीदाराशी लग्न केल्याची बातमी २०१३ मध्ये आली, तेव्हाही हे असंच म्हणाले होते, ‘या वयात कशाला?’

मला जायचंय. पण ह्यांना सोडून कशी जाऊ? मंडळातल्या लोकांना काय सांगू? त्या गृहस्थांना काय म्हणून हाक मारू? आणि साताऱ्याच्या घरात भाऊजींचा अर्धा वाटा आहे, तो उद्या या मित्राकडे जाईल का, हेही ह्यांच्या मनात आहे.

— एक वहिनी

वहिनी,

आधी मला जे खटकलं ते सांगते. या सदरात आम्ही नावं छापत नाही, पण लोक आम्हाला पत्रात नावं लिहितात. तुमच्या मूळ पत्रात तुमच्या सुनेचं नाव आहे, नातवाचं आहे, साताऱ्याच्या शेजाऱ्यांचंसुद्धा आहे. भाऊजींच्या जोडीदाराचं मात्र नाही. चार वेळा ‘मित्र’ आणि एकदा ‘ते गृहस्थ’. हा माणूस १९९६ पासून तुमच्या घरी गणपतीला येतोय.

तुम्ही मनाने चांगल्या आहात, म्हणून तर पत्र लिहिलंत. पण ‘फसवलं’ हा शब्द तुमच्या यजमानांनी वापरलाय आणि तो तुम्ही तसाच माझ्याकडे पाठवलाय, म्हणून याबद्दल बोलायला हवं. ‘आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही’ हे तुमचंच वाक्य आहे. म्हणजे हे मौन एकट्या भाऊजींचं नव्हतं. घरातल्या सगळ्यांनी मिळून ते सांभाळलं, आणि ‘मित्र’ हा शब्द त्यासाठीच कामाला आला. त्या शब्दाने तुमचं काही गेलं नाही. त्यांचं गेलं. घरातले गणपतीचे जुने आल्बम काढा आणि बघा, त्या माणसाचा एक तरी फोटो आहे का. फोटोंची आवड असेलही त्यांना. पण कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की ‘तुम्ही कोण, कुठे उभे राहता’ हा प्रश्न येत नाही, हेही खरं. ते आल्बम यजमानांच्या शेजारी बसून चाळा. तोंडाने काही बोलू नका.

आता जिम नेबर्सबद्दल. तुमच्या यजमानांचा तो लाडका आहे हे फार बरं झालं, कारण त्याच्या लग्नाची बातमी त्यांनी ऐकली, पण त्यामागचं काही त्यांच्यापर्यंत पोचलेलं दिसत नाही. ते त्यांना सांगा.

नेबर्स १९३० साली अलाबामातल्या सिलाकॉगा या गावात जन्मला. ‘अँडी ग्रिफिथ शो’मध्ये पेट्रोल पंपावरचा भोळा गोमर म्हणून तो आला आणि लोकांना इतका आवडला की १९६४ मध्ये त्याच्यासाठी वेगळी मालिका निघाली. ती १९६९ पर्यंत चालली. त्यात तो मरीन दलातला सरळ मनाचा शिपाई होता. ज्या दलाचा गणवेश घालून तो घराघरात पोचला, त्या दलात समलिंगी माणसाला तेव्हा जागाच नव्हती. आपली ओळख न लपवता सैन्यात राहता येईल असा दिवस उजाडला तो सप्टेंबर २०११ मध्ये. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता हा आजार नाही असं ठरवलं ते १९७३ च्या डिसेंबरात, म्हणजे मालिका संपून चार वर्षं झाल्यावर. आणि अलाबामात असे संबंध गुन्हा मानणारा कायदा २००३ पर्यंत लागू होता. या सगळ्याच्या मधोमध उभं राहून तो माणूस आठवड्याच्या आठवड्याला लोकांना हसवत होता.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुणीतरी थट्टा म्हणून जिम नेबर्स आणि रॉक हडसन या दोन नटांच्या ‘लग्ना’ची खोटी निमंत्रणं वाटली. दोघं नुसते ओळखीतले मित्र. थट्टेची अफवा झाली, ती देशभर पसरली, आणि त्यानंतर त्या दोघांनी चारचौघांत एकत्र दिसणंच बंद केलं. तमाशा म्हणतात तो हा, वहिनी. दुसऱ्याने मांडलेला, दुसऱ्याच्या जिवावर. एका खोट्या पत्रिकेत खरी मैत्री गेली.

१९७५ मध्ये त्याची स्टॅन कॅडवॉलडरशी ओळख झाली. स्टॅन होनोलुलूच्या अग्निशमन दलात होता. पुढे नेबर्स हवाईतच राहायला गेला. जवळच्या माणसांना, कामातल्या माणसांना सगळं माहीत होतं, जगाला नव्हतं. १९९४ मध्ये नेबर्सचं यकृत निकामी झालं, प्रत्यारोपण करावं लागलं. तोवर दोघांना एकत्र एकोणीस वर्षं झाली होती आणि कायद्याच्या लेखी ते एकमेकांचे कुणीही नव्हते. हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच, बाकीच्या देशाच्या कितीतरी आधी, समलिंगी विवाहाची वाट थोडी मोकळी केली होती. पण १९९८ मध्ये तिथल्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून तो रस्ता अडवला. मग डिसेंबर २०१२ मध्ये वॉशिंग्टन राज्यात अशी लग्नं सुरू झाली आणि दीड महिन्याच्या आत हे दोघं विमानाने सिॲटलला आले. तुमच्या भाऊजींच्याच गावात. १५ जानेवारी २०१३ रोजी, हॉटेलच्या खोलीत, न्यायाधीशासमोर लग्न लागलं. वर ८२ वर्षांचा, दुसरा वर ६४ चा, म्हणजे तुमच्या आजच्या वयाचा.

खोट्या लग्नाची पत्रिका गावभर फिरली होती. खऱ्या लग्नाची पत्रिकाच निघाली नाही.

दोन आठवड्यांनी हवाईच्या एका वृत्तवाहिनीने विचारल्यावर त्याने शांतपणे सांगितलं, की जोडपं म्हणून आम्हाला काहीच हक्क नव्हते, ३८ वर्षं एकत्र काढल्यावर काहीतरी पक्कं करायलाच हवं होतं, आणि माझ्या वयाला हेच शहाणपणाचं. लाज कधी वाटली नाही, फक्त ती खाजगी गोष्ट होती, असंही तो म्हणाला. म्हणजे ‘या वयात कशाला’ या प्रश्नाचं उत्तर त्याने तुमच्या यजमानांना तेव्हाच देऊन ठेवलं होतं. या वयात, कारण वय झालं म्हणून.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात सत्तावीस वर्षं वैद्यकीय समाजसेविका होते. दाखल करतानाच्या अर्जात एक रकाना असतो, ‘रुग्णाशी नाते’. एकदा दोन निवृत्त गृहस्थ आले होते, एक बँकेतले, एक शाळामास्तर. तीस वर्षांचं एकच बिऱ्हाड. बँकेतल्यांना झटका आला होता. मास्तरांनी त्या रकान्यात ‘मित्र’ लिहिलं. ऑपरेशनच्या संमतीवर ‘मित्रा’ची सही चालत नाही, म्हणून सांगलीहून पुतण्याला बोलावलं. तो पुतण्या काकांना आठ वर्षांत भेटला नव्हता. अतिदक्षता विभागात भेटीची वेळ नातेवाइकांची, त्यामुळे आत पुतण्या जायचा आणि मास्तर बाहेर बाकावर, मांडीवर डबा घेऊन. तिसऱ्या दिवशी ते गेले. पुतण्याने सही करून ताबा घेतला, सामानाची पिशवी घेतली. मास्तर माझ्या टेबलापाशी आले आणि खाली बघत म्हणाले, ‘बाई, त्यांच्या चष्म्याचं घर तेवढं मिळेल का? मीच शिवलं होतं.’ मी धावत गेट गाठलं, तोवर गाडी निघून गेली होती. त्या दिवशी नियमावर बोट ठेवणाऱ्यांत मीही होते. वहिनी, ते मला अजून बोचतं.

आपल्याकडे आता कुठे थोडी हालचाल आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिवाचा ताबा मागता यावा. ‘उपलब्ध नसतील तर’. लग्नाचा हक्क तर १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. तुमचे भाऊजी जिथे राहतात तिथे तो हक्क आहे, त्यांनी तो घेऊ नये असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं?

तिथेही तो फुकट मिळालेला नाही. न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर आणि थिया स्पायर चाळीस वर्षं एकत्र होत्या, २००७ मध्ये टोरांटोला जाऊन त्यांनी लग्न केलं. २००९ मध्ये थिया गेली आणि सरकारने एडिथला ३,६३,०५३ डॉलर वारसा कर भरायला लावला, कारण केंद्राच्या कायद्याने ती बायको नव्हती. ती कोर्टात गेली आणि २६ जून २०१३ रोजी जिंकली, तेव्हा ८४ वर्षांची होती. देशभर सगळ्या राज्यांत लग्नाचा हक्क आला तो आणखी दोन वर्षांनी. आणखी एक साधी गोष्ट यजमानांना सांगा: सोशल सिक्युरिटीचं जोडीदाराच्या पश्चात मिळणारं वेतन हवं असेल तर साधारणपणे लग्नाला नऊ महिने तरी झालेले असावे लागतात. सासष्टाव्या वर्षी माणूस अशा तारखा मोजतो. तुम्ही दोघांनीही मोजल्या असतीलच.

मग कोर्टात सही करून का भागवत नाहीत, चाळीस माणसं आणि अंतरपाट कशाला, असं ते विचारतील. त्यावर माझं म्हणणं असं, की आपल्यात लग्न सहीने लागतच नाही. चार माणसं अक्षता हातात घेऊन उभी राहतात, म्हणून ते लागतं. तुमचं स्वतःचं लग्न आठवा. अंतरपाट खाली गेला त्या क्षणी ज्यांनी बघितलं, ते आयुष्यभर तुमच्या लग्नाचे साक्षीदार झाले. भाऊजींना कायद्याचा कागद सरकार देईल. दादा मात्र सरकारला देता येत नाही, म्हणून ती चिठ्ठी आली. तो पडदा एवढी वर्षं घरातल्या सगळ्यांनी मिळून धरला होता. आता मोठ्या भावाच्याच हाताने तो खाली यावा, एवढंच मागणं आहे. याहून मोठा मान धाकट्या भावाने द्यायचा तरी कोणता? तो ड्रॉवरमध्ये पडून राहू नये.

तुमच्या यजमानांच्या रागात दुःख आहे, ते मी नाकारत नाही. आई स्थळं बघत राहिली आणि गेली, हे त्यांना सलतंय. पण गप्प बसून भाऊजींनी कुणाला जपलं? आईलाच ना? आणि तिचं ते वाक्य पुन्हा वाचा. ‘त्या पोराने’ म्हणाल्या त्या. पाच महिने रोज रात्री पायाला तेल लावून घेतलं, त्या बाईला काय कळलं आणि काय नाही हे मी इथे बसून सांगणार नाही. पण आपल्या बायका परक्या पुरुषाला पायाला हात लावू देत नाहीत, एवढं मला माहीत आहे.

तुम्ही यजमानांशी वाद घालू नका. त्यांना एवढंच सांगा की मी जाणार आहे, तिकीट काढतेय, तुमचंही काढू का? आधी सांगा, मग काढा. मागून कळलं तर तो वेगळाच विषय होईल. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने एका लग्नाला एकटीने जाणं म्हणजे नवऱ्याला सोडणं नव्हे. आणि अंतरपाट धरायला त्यांचे हात धजत नसतील, तर तसं त्यांनी स्वतः फोन करून भावाला सांगावं. ‘मला जमत नाही, पण मी येऊन बसेन’ एवढं म्हटलं तरी पुष्कळ आहे. चिठ्ठीला उत्तरच न देणं हे मात्र वाईट. माझा अनुभव असा, की भाऊ फोनवर आले की दोन मिनिटांत आईवर बोलायला लागतात आणि पुढचं सोपं होतं. नाहीच धरला त्यांनी, तर तुम्ही धरा. थोरली वहिनी आईच्या जागी असते.

साताऱ्याच्या घराबद्दल सरळ सांगते. अमेरिकेत लग्न झालं तरी आपला कायदा ते मानत नाही. भाऊजींनी मृत्युपत्र केलं नाही तर, आईवडील नाहीत आणि दुसरं भावंड नाही म्हटल्यावर, हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांचा वाटा तुमच्या यजमानांकडेच येईल. मृत्युपत्र केलं तर त्यांचा वाटा ते कुणालाही देऊ शकतात, लग्न करोत वा न करोत. म्हणजे या लग्नाने घराचं काहीच बदलत नाही. ही काळजी त्यांच्या रागाच्या तळाशी बसली असेल तर ती काढून टाका. माझं ऐकाल तर, तुम्हीच पुढे होऊन भाऊजींना सांगा की साताऱ्याच्या घराचं आणि भारतातल्या ठेवींचं मृत्युपत्र इथल्या वकिलाकडून करून घ्या. बँकेत जोडीदाराला नॉमिनी करायला अडचण नाही, अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये तसा खुलासा केला आहे. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, म्हणून मृत्युपत्र हवंच. ही सूचना थोरल्या घराकडून गेली, तर त्या दोघांना किती हायसं वाटेल.

मंडळातल्या लोकांना ‘आमच्या दिरांचं लग्न आहे जूनमध्ये’ असं सांगा आणि थांबा. विचारतील त्यांना सरळ सांगा. तुम्ही मान खाली घातलीत तर ते कुजबुजतील. तुम्ही लाडू वाटलेत तर खातील.

नेबर्सचं पुढे काय झालं, तेही यजमानांना सांगायचं राहू नये. मरीन दलाने त्याला २००१ मध्ये मानद लान्स कॉर्पोरल केलं होतं. लग्नाची बातमी जगभर झाल्यावर, सप्टेंबर २०१३ मध्ये त्याच दलाने त्याला मानद सार्जंट केलं. इंडियानापोलिसच्या मोटार शर्यतीआधी तो १९७२ पासून जवळजवळ दरवर्षी गाणं म्हणायचा, ते शेवटचं त्याने मे २०१४ मध्ये म्हटलं, लाखोंच्या गर्दीसमोर. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी हवाईत, घरी, ८७व्या वर्षी तो गेला, तेव्हा स्टॅन शेजारी होता. अडतीस वर्षं जगाने त्याला काहीच म्हटलं नव्हतं. त्या दिवशीच्या बातम्यांनी त्याला नेबर्सचा पती म्हटलं.

राहिलं काय हाक मारायची ते. लग्नानंतर मंडळात ओळख करून देताना ‘हे आमच्या दिरांचे यजमान’ म्हणा. ऐकणारा क्षणभर थबकेल, मग कळेल त्याला. आपल्या भाषेत शब्द आहे, वापरला की रुळेल. आणि त्यांना स्वतःला हाक मारायची ती नावाने. अहेराच्या पाकिटावर दोघांची नावं तुमच्या हाताने लिहा. बागेत फोटो काढायची वेळ येईल तेव्हा कॅमेरा त्यांच्या हातातून काढून घ्या, घरच्या एखाद्या पोराकडे द्या, आणि त्यांना तुमच्या आणि भाऊजींच्या मधे उभं करा.

जूनच्या आधी एक पत्र टाका मला. त्यांचं नाव लिहून पाठवा. छापणार नाही, मला वाचायचं आहे.

तुमची ताई